दोन आडव्या रेघा

२४ नोव्हेंबर २००१, साकाता

चिहारूचं नवं फर्मान आलंय. फोन करू नकोस, बोलायला वेळ होत नाही, मोबाइलवर लिहून पाठवत जा. म्हणून दुपारी आमच्या तोफूच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी अंगठ्याने अक्षरं शोधत बसते. एक ओळ लिहून होईपर्यंत सोयाबीनचा एक घाणा दळून होईल. आज 'जेवलीस का' लिहिताना 'का' राहिला आणि तसंच गेलं. तिचं उत्तर आलं, 'हो आई, जेवले 〓'. शेवटी दोन जाड आडव्या रेघा. यांना दाखवलं तर म्हणाले, "काचेला काहीतरी लागलंय. पूस." पुसून पाहिलं. गेलं नाही.

पोरगी टोकियोत चेहरे काढते असं मी सांगते तेव्हा गिऱ्हाइकांना वाटतं, मोठी चित्रकार आहे. मोबाइलवर अक्षरांच्या रांगेत बसतात ती नखाहून लहान चित्रं असतात ना, हसणारा, रडणारा, चिडलेला, तो तिचा उद्योग. उभे बारा ठिपके आणि आडवे बारा ठिपके, तेवढ्यात माणसाचा राग-लोभ बसवायचा. ओबोनच्या, पितरांच्या सणाच्या सुट्टीत आली होती तेव्हा चौकटीच्या कागदावर मला काढून दाखवलं होतं. म्हणाली, "आई, हा एक ठिपका खाली सरकला ना, की हसणारा माणूस टिंगल करायला लागतो." कचेरी लहान आहे, पण ज्या फोन कंपनीचं काम करतात ती केवढी अवाढव्य. साकातातून निघून असलं काम करणारी दुसरी कोण आहे? मी लिहिलं, 'नीट काम कर. इथे सगळे तुझी चौकशी करतात.'

२९ नोव्हेंबर

'आज पुष्कळ चेहरे काढले. साहेब खूश 〓〓'

दुकानात आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक होन्माबाई होत्या, त्यांना लगेच वाचून दाखवलं. त्यांचा मुलगा नगरपालिकेत आहे, तो घरी येऊन कामाबद्दल चकार शब्द काढत नाही म्हणाल्या. रेघांचं त्यांनाही कळलं नाही. नक्षी असेल, म्हणाल्या. कागदाच्या कडेला काढतात तशी.

६ डिसेंबर

समुद्रावरून वारं सुटलंय. दाराच्या फटीत फडकी कोंबली तरी शिटी वाजत राहते. चिहारूला वाळवलेल्या पर्सिमन फळांचं खोकं पाठवलं त्याला आठवडा होईल. मिळालं का विचारलं. 'मिळालं. गोड आहेत 〓〓〓'. किती खाल्लीस, मैत्रिणींना दिलीस का, त्याला उत्तर नाही.

नव्या वर्षाला येणार का, तेही विचारलं होतं. 'काम आहे 〓'. हे म्हणाले, मोठ्या शहरात असंच असतं. मग बराच वेळ तोफूचा सुरा दगडावर घासत बसले.

मी लिहिलं, 'बाकीचे लोकही करतातच ना. टिकून राहा.'

११ डिसेंबर

आज त्या रेघांचा उलगडा झाला. तोगाशी सर तोफू घ्यायला आले होते. शाळेत भाषा शिकवायचे, आता निवृत्त होऊन दिवसभर कॉम्प्युटरपुढे असतात. त्यांच्या बायकोच्या मते कॉम्प्युटरच त्यांची पहिली बायको. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हसायलाच लागले.

"बाई, ही नक्षी नाही. इथे चित्र होतं. तुमच्यापर्यंत पोचलं नाही."

"फोन बिघडलाय?"

"फोन ठणठणीत आहे. पण तिचा एका कंपनीचा, तुमचा दुसऱ्या. एकीची चित्रं दुसरीला वाचता येत नाहीत."

"मग अक्षरं कशी येतात?"

"अक्षरं सगळ्यांची एकच. चेहरे ज्याचे त्याचे."

पूर्वी शाळेचा अंक छापायला टाकायचे तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. छापखान्यात एखादं अक्षर नसलं की खिळे जुळवणारा जुळारी त्या जागी दुसऱ्या अक्षराचा शिशाचा खिळा उलटा लावायचा. त्याच्या बुडाचा ठसा उठायचा, दोन आडव्या रेघा, ओल्या मातीत लाकडी खडावांच्या उमटतात तशा. म्हणजे इथे काहीतरी आहे, आमच्याकडे नाही, मागाहून बसवा.

मग त्यांना चेवच आला. बांधायच्या कागदावर पेन्सिलीने काढायला लागले. "आम्ही कॉम्प्युटरवरून एकमेकांना लिहायचो ना, तेव्हा चेष्टेत काही लिहिलं की समोरचा भांडायलाच यायचा. चेहरा दिसत नाही, करणार काय? अमेरिकेतल्या लोकांनी शक्कल काढली. आधी विसर्गासारखी दोन टिंबं, मग रेघ, मग कंस. हसणारा चेहरा, पण आडवा पडलेला. मान वाकडी करून बघायचा. आपल्या लोकांनी त्याला उठवून बसवलं." आणि त्यांनी काढलं: (^_^)

"कंस म्हणजे गाल. वरती डोळे. ते लोक तोंडाने हसतात, आपण डोळ्यांनी. आणि हे बघा." त्यांनी गालाशी एक थेंब जोडला: (^_^;)

"हे काय, रडतोय?"

"छे. हसतोयच, पण घाम फुटलाय. आतून कसनुसं झालंय आणि वरून हसतोय. असे शेकडो केले लोकांनी. हात वर केलेले, पाया पडणारे, दारू प्यालेले. मग मोबाइलवाल्यांनी तयार चित्रंच भरून दिली. आता टिंबं जुळवायला नकोत. एक कळ दाबली की हसू येतं."

"बरंच झालं की मग."

"हो, सोपं झालं," सर म्हणाले, आणि तोफू तसाच विसरून निघाले. मी रस्त्यापर्यंत धावत जाऊन दिला.

म्हणजे माझी मुलगी दिवसभर जे काढते ते माझ्यापर्यंत येतच नाही. आमच्या गल्लीत याच कंपनीचा फोन नीट लागतो म्हणून यांनी हा घेतला. विचारलं तिला: 'रेघांच्या जागी काय असतं?'

उत्तर आलं: '〓'

१५ डिसेंबर

अक्षरं कमी होत चाललीत, रेघा वाढत चालल्यात. परवा 'कामावर निघाले 〓〓〓'. काल 'हो 〓〓〓〓'. सर म्हणाले तेव्हापासून मी त्या रेघांकडेच बघत बसते. इथे काहीतरी आहे, आमच्याकडे नाही. रडणारा चेहराही असेल. ती तो काढते हे मला ठाऊक आहे, मीच पाहिलाय.

यांना म्हटलं, "ती रडत असेल तर?"

"रडत असती तर लिहिलं असतं."

"रेघांमध्ये लिहिलं असेल."

हे भिंतीकडे वळले. वर्षअखेरच्या भाजलेल्या तोफूच्या ऑर्डरी आल्यात, त्या भिंतीवर लावत होते.

१९ डिसेंबर

सकाळी आलेल्या निरोपात एकही अक्षर नाही. नुसत्या रेघा, ओळीच्या ओळी, खाली सरकवत जावं तितक्या. माझे हात पाण्यात होते, पुसून बघितलं आणि पुन्हा पाण्यात घातले, कारण काय करावं ते सुचेना.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग ओबोनमध्ये तिने दिलेला कचेरीचा नंबर लावला. एका बाईने उचलला, आवाज फार गोड होता. चिहारू इगाराशी आहे का, विचारलं.

"इगाराशी-सान? त्या तर इथे नसतात आता."

"बाहेर गेलीय का?"

"नाही, त्यांनी काम सोडलं. महिना होईल. आपण कोण?"

मी कोण ते मला सांगताच येईना. "नातेवाईक," म्हटलं आणि ठेवला.

महिना. म्हणजे फोन करू नकोस म्हणाली तेव्हाच. साहेब खूश, पुष्कळ चेहरे, कामावर निघाले, ते सगळं कुठून लिहीत होती ती? आणि मी होन्माबाईंना वाचून दाखवत होते.

यांना सांगितलं. आधी चिडले. एवढं शिकवलं, खोटं बोलायचं काय कारण, आपण काय खाणार होतो का तिला? मग कढईखालचा गॅस बंद केला. कढईत सोयाबीनचं दूध अर्धवट शिजलेलं होतं. दुकान घेतल्यापासून अर्धवट दूध यांनी कधी टाकलेलं नाही. आज टाकलं.

२० डिसेंबर

वाऱ्यामुळे किनाऱ्याची गाडी बंद. सकाळी स्टेशनवर गेले, दुपारी गेले. खिडकीतला माणूस म्हणतो, वारं पडलं की सोडू. वारं कधी पडणार ते त्याला विचारून काय उपयोग, तरी मी विचारलं. तो बिचारा वर आभाळाकडे बघून आला.

फोनवर आज काहीच नाही. रेघासुद्धा नाहीत. कालपर्यंत त्या रेघांची भीती वाटत होती, आज एक तरी यावी म्हणून फोन एप्रनच्या खिशात घट्ट धरून बसलेय. लिहिलं, 'मी येतेय.' उत्तर नाही. 'रागावले नाहीये.' उत्तर नाही.

हे म्हणाले, "पोलिसांना सांगू या का तिथल्या?"

"काय सांगायचं? मुलगी रेघा पाठवत नाही म्हणून?"

असं तोडून बोलायला नको होतं. हे उठून दुकानात गेले.

२१ डिसेंबर, गाडीत

किनाऱ्याची गाडी अजून बंद, म्हणून डोंगराकडच्या लांबच्या मार्गाने निघाले. शिंजोपर्यंत लहान गाडी, पुढे टोकियोची मोठी. हे स्टेशनवर आले नाहीत. मी निघाले तेव्हा पाठमोरे उभे राहून सोयाबीन निवडत होते. "पोचलीस की सांग," एवढंच.

बाहेर नुसता बर्फ. समोरच्या बाकावरची मुलगी फोनवर काहीतरी लिहितेय आणि गालात हसतेय. तिला विचारावंसं वाटलं, तू पाठवतेस ते पोचतं का गं?

चिहारूचा फोन बंदच. देवा, दार उघडू दे तिला.

२१ डिसेंबर, संध्याकाळ, चिहारूच्या खोलीत

आहे. घरात आहे. झोपलीय, मी तिच्या उशाशी बसून हे लिहितेय.

दार वाजवलं तेव्हा आतून काही आवाज आला नाही. हाका मारल्या. शेजारचं दार उघडलं, ते बंदही झालं. मी दारावर डोकं टेकून नुसती "चिहारू, चिहारू" म्हणत राहिले. मग कडी सरकली.

"आई? तू कशी आलीस?"

"वारं होतं. शिंजोवरून आले."

एवढं सगळं ठरवून आले होते आणि तोंडून एवढंच निघालं. ती म्हणाली, "लांब पडलं असेल." हाडं वर आलीत तिची. केस तेलकट. पण अंगावर धुतलेले कपडे, आणि खोली अशी लख्ख की मी बघतच राहिले. घरी असताना हिचा पसारा आवरून मी थकायचे. इथे भांडी पालथी घातलेली, कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत बांधलेला, फ्रिज रिकामा करून, पुसून, दार उघडं ठेवलेलं. भिंतीशी गाठोडी ओळीने लावलेली, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. मावसबहीण मिझुएसाठी स्वेटर. कुणा मैत्रिणीसाठी पुस्तकं. एकावर 'आई'. नव्या वर्षाच्या भेटी दिसतायत. अशा अवस्थेतही पोरीने आठवण ठेवून सगळ्यांसाठी काहीतरी बांधलं. मी माझं उघडून बघितलं नाही, आधी बघू नये.

भात शिजवून पेज केली. थोडी खाल्ली. मग मी विचारलंच.

"त्या रेघांमध्ये काय होतं?"

तिला आधी कळेचना. सर बोलले ते मी सांगितलं, दोन कंपन्या, उलटा खिळा. तिने फोन चालू केला आणि पाठवलेले निरोप काढून माझ्यापुढे धरले. सगळीकडे एकच चेहरा. डोळे मिटून, गाल वर करून हसणारा. शेवटच्या निरोपात तर ओळीच्या ओळी तोच.

"सगळे हसरे?"

"सगळे."

"रडणारा एकही नाही?"

"तुला काळजी वाटली असती."

मी तो चेहरा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. इतका खुशाल, इतका पोटभर हसणारा, की मला तो दिसला असता तर मी निर्धास्त होऊन तोफू कापत बसले असते. आज इथे नसते.

"हा मी काढलाय," ती म्हणाली. "कंपनीने घेतलेला माझा पहिला."

"छान आहे," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

काम का सोडलं ते तिने भिंतीकडे बघत सांगितलं. साहेब म्हणायचे, रडणारासुद्धा गोड रडायला हवा, गिऱ्हाइकाला बघून वाईट वाटता कामा नये. ती आठवडेच्या आठवडे रडणारे चेहरे गोड करत बसली. मग एक दिवस हात उचलेना. आरशात बघितलं की आपला चेहरा कुठला आहे ते कळेना, म्हणाली.

"अगं मग दुसरं काम बघायचं. एवढं काय त्यात."

ती कूस बदलून झोपून गेली.

यांना फोन केला. सगळं सांगितलं, खोली किती नीट ठेवलीय, भेटी कशा बांधून ठेवल्यात, तेही सांगितलं. पलीकडून काही आवाजच नाही. मला वाटलं फोन तुटला.

"ऐकताय ना?"

"तिच्याजवळून हलू नकोस," हे म्हणाले. "न्हाणीत गेली तरी दाराशी बस. मी निघतोय."

"आणि ऑर्डरी?"

"निघतोय म्हटलं ना."

२२ डिसेंबर

हे आज आले. दुकानाला कुलूप घालून, वर्षअखेरच्या तोंडावर. होन्माबाईंना काय सांगितलं असेल कोण जाणे.

आत आले, चिहारूच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, आणि सरळ भिंतीशी जाऊन गाठोडी सोडायला बसले. एकेक गाठ सोडून स्वेटर झटकून परत कपाटात, पुस्तकं परत फळीवर. चिठ्ठ्या चुरगळून खिशात. चिहारू बघत राहिली, एका शब्दाने अडवलं नाही.

मला राग आला. "अहो, लोकांच्या भेटी कशाला सोडताय?"

"या भेटी नाहीत, तोमिए."

यांनी मला कधी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. नेहमी 'अगं' नाहीतर 'ऐक'.

शेवटी 'आई' लिहिलेलं राहिलं. ते त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं आणि जिन्यात बोलावलं. बाहेर कुणाचे तरी कपडे वाळत होते. यांनी त्या कपड्यांकडे बघत सांगितलं, "माझ्या वडलांनीही जायच्या आदल्या दिवशी असंच सगळं आवरून ठेवलं होतं. सुऱ्यांना धार लावून, पुसून, ओळीने."

सासरे धक्क्यावरून पाय घसरून बुडाले, असं मला लग्नात सांगितलं होतं. मी आजवर तेच लोकांना सांगत आले.

मी आत जाऊन चिहारूच्या अंथरुणात शिरले. ती लहान होती तेव्हा शिरायचे तशी. तिचे पाय बर्फासारखे होते. 'आई' लिहिलेलं गाठोडं उघडलं नाही. हे म्हणाले, उघडू नकोस, मी ते साकाताला नेऊन जाळतो.

२३ डिसेंबर

आज लिहवत नाही.

२७ डिसेंबर

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि आम्हाला म्हणाले, "तिला जोर लाव, धीर धर, टिकून राहा, असलं काही म्हणू नका."

मी विचारलं, "मग काय म्हणायचं?" ते म्हणाले, काही म्हणायलाच हवं असं नाही. हे खरं तर यांना जमतं, मला नाही. खोलीत हे आणि ती तासन्‌तास खाली शेगडी असलेल्या मेजाच्या पांघरुणात पाय घालून बसतात आणि कुणी काही बोलत नाही. मी मात्र दर थोड्या वेळाने काहीतरी म्हणायला तोंड उघडते आणि मिटते. आज ती म्हणाली, "आई, तू माशासारखी करतेस." हसली नाही, पण म्हणाली.

घरी यायला तयार नाही. मी कारण विचारलं तर म्हणे, दुकानात सगळे विचारतील. मी म्हटलं, विचारू देत, आजारी पडलीस म्हणून रजेवर आलीस असं सांगू, नंतर बघू. तिने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी काय चूक बोलले?

३१ डिसेंबर, साकाता

काल आणलं. वरच्या खोलीतून खाली उतरायला लावणार नाही म्हटल्यावर तयार झाली. गाडी सुटेपर्यंत यांनी तिचा हात सोडला नाही, लोक बघत होते तरी. वर्षअखेरची सगळी गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली. फळीवर तोफूचा तुकडा नाही. गरम शेवया केल्या, तिघं बसलो. तिने अर्ध्या टाकल्या. माझी झोप गेलीय. ती वरच्या खोलीत कुशीवर वळली की जिना कुरकुरतो, तेवढा आवाज झाला की बरं वाटतं, आणि झाला नाही की मी उठून बसते.

७ जानेवारी २००२

दुकान उघडलं. पहिल्याच होन्माबाई. त्यांच्या मागे आणखी दोघी.

"चिहारू आलीय म्हणे. टोकियोच्या कंपनीने एवढी लांब सुट्टी दिली?"

तोंडात उत्तर तयार होतं, रजेवर आलीय. तेवढ्यात जिना कुरकुरला. ती वरच्या पायरीवर येऊन थांबली असणार. मी सुरी खाली ठेवली.

"सुट्टी नाही. काम सोडलं तिने. मनाने आजारी आहे. जगणं नको झालं होतं तिला. आता घरी आहे, आणि कधी बरी होईल ते आम्हाला माहीत नाही."

 यांच्या कढईचा आवाज तेवढा चालू होता. होन्माबाईंनी पिशवीचा बंद दोनदा गुंडाळला, सोडला. मग म्हणाल्या, "माझा मुलगा घरी येऊन बोलत नाही म्हटलं ना मी. वर्ष झालं." आणि तोफू न घेता तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांना आत बसायला बोलावलं, चहा दिला. निघेपर्यंत मुलाबद्दल पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्या गेल्यावर चिहारू खाली आली. अनवाणी, ओल्या फरशीवर.

"सगळ्यांना सांगितलंस."

"हो."

"गावभर होईल आता."

"होऊ दे."

ती उलट्या घातलेल्या खोक्यावर बसली आणि तोंड वेडंवाकडं करून, नाक गळेपर्यंत, आवाज करून रडायला लागली. टोकियोत एकदाही रडली नव्हती. दाराशी गिऱ्हाईक आलं, आत बघून थबकलं. यांनी कढईपाशीच उभं राहून त्याला विचारलं, "किती देऊ?" आणि तिला रडू दिलं.